धाप लागते म्हणून बसून राहू नकोस

अगं, दुसऱ्या मजल्यापर्यंत धाप लागते म्हणून तू चालणंच सोडलंस? खरं सांगू का, ही उलटीच तऱ्हा झाली. आधी आत काय होतं ते ऐक, निम्मी भीती तिथेच जाईल.

बघ, वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात. त्यात बीपी जास्त असलं की हृदयाला सतत जोर लावावा लागतो आणि त्याची भिंत जाड होत जाते. मग ते रक्त नीट ढकलतं, पण सैल पडायला कुरकुरतं. शेकायची जुनी रबरी पिशवी कडक झाली की पाणी भरताना फुगत नाही ना, तसंच. बसल्या जागी हे कळत नाही. जिना चढताना ठोके वाढतात, दोन ठोक्यांमध्ये भरायला वेळ कमी मिळतो, मग दाब मागे फुफ्फुसांकडे चढतो. म्हणून पंपिंग नॉर्मल असूनही धाप लागू शकते. शिवाय वयाबरोबर ठोक्यांची कमाल मर्यादाही उतरते, ढोबळ हिशेब 220 वजा वय. तेव्हा कॉलेजातल्या भाचीशी बरोबरी नको. मी पर्वतीवर केली होती, देवाआधी बाकडं आठवलं!

आता मुकाट्याने ऐक. धाप नवीन असेल तर आधी डॉक्टर. ईसीजी, टू-डी इको, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्टही ते सांगतील. त्यांनी हो म्हटलं की हळूहळू आठवड्याला 150 मिनिटं चालण्यापर्यंत पोच. पहिली दहा मिनिटं रमतगमत चाल, थांबतानाही वेग हळूहळू कमी कर, नाहीतर गरगरतं. चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी वाढतात, म्हणून घड्याळातल्या आकड्यापेक्षा या बोलण्यावर भरवसा ठेव. भरलेली बादली उचलताना श्वास रोखू नकोस, त्याने बीपी एकदम उसळतं. आणि बरं वाटतंय म्हणून मनानेच गोळी बंद करायची नाही, कळलं?

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, असं काही झालं तर घरी ॲसिडिटीचं औषध शोधत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ. पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर तेही लगेच दाखव.

एवढं घर सांभाळतेस, हे का जमणार नाही? आजच डॉक्टरांची वेळ घे. त्यांनी होकार दिला की संध्याकाळची वीस मिनिटं तुझी. तेवढ्यात कुकर दुसरं कुणीतरी लावेल गं.