राखणीच्या कुत्र्यास हांकेस येण्याचा धडा

राखणीचें कुत्रें कितीही इमानी असलें, तरी तें हांकेसरशी परत येत नसल्यास धन्यास केव्हां गोत्यांत आणील याचा नेम नाहीं. आमच्या वस्तीवरील कुत्रें शेजाऱ्याच्या शेळ्यांमागें धांवे. हांका मारून आमचा घसा बसे, आणि अखेरीस तें परत आलें म्हणजे आम्ही त्यास काठीनें झोडपीत असूं. परिणाम उलटाच झाला. मार शेळ्यांमागें धांवल्याबद्दल नसून धन्याजवळ आल्याबद्दल आहे, अशी त्याची समजूत झाली. पुढें तें हांक ऐकतांच दूर पळूं लागलें व एके दिवशीं त्यानें एक करडूं फाडलें. भरपाई आम्ही केली. चूकही आमचीच होती.

कृत्य व त्याचें फळ यांत थोडाही वेळ गेला, तर जनावर त्यांची सांगड भलतीकडेच घालतें. मग वीस पावलांवर नीट वागलेल्या कुत्र्यास त्याच क्षणीं भाकरी कशी पोंचवावी? ही अडचण खुणेच्या आवाजानें दूर होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं १९५१ सालच्या एका लेखांत यासाठीं मुलांचें टिकटिक वाजणारें खेळणें सुचविलें होतें. हल्लीं मिळणारा क्लिकर त्याच जातीचा आहे. तो नसल्यास जिभेनें टाळूवर ‘टक्’ असा आवाज काढावा. मात्र तो नेहमीं एकसारखा असावा.

धडा असा द्यावा :

(१) पहिले दोन दिवस कांहींच सांगूं नये. आवाज करावा व लगेच हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. असें दहा-पंधरा वेळां. आवाजासरशी कुत्रें तुकड्यासाठीं मान वळवूं लागलें म्हणजे पुढें जावें.

(२) अंगणांत चार पावलांवरून नांवानें एकदांच हांक मारावी. तें आपल्याकडे वळतांच ‘टक्’ करावें व जवळ आल्यावर तुकडा द्यावा.

(३) अंतर हळूहळू वाढवावें. शेळ्या दिसतील अशा जागीं प्रथम लांब दोरी बांधूनच धडा द्यावा.

धडा जेवणापूर्वीं, तीन-चार मिनिटेंच असावा. आवाज चुकून झाला तरी तुकडा दिलाच पाहिजे. नाहीं तर खुणेवरील विश्वास उडतो. तुकडा भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा चालेल. कांदा, द्राक्षें व बेदाणे मात्र कुत्र्यास विषासमान आहेत. ते कदापि देऊं नयेत.

आमचें कुत्रें दीड महिन्यानें बांधावरून हांकेसरशी परतूं लागलें. तरीही शेजाऱ्याचा कळप जवळून जातांना आम्ही त्यास बांधूनच ठेवितों. शिक्षणानें दोरी अजिबात सुटते, असें कोणीं समजूं नये. एक नियम मात्र वाचकांनीं आजपासूनच पाळावा : हांकेस आलेल्या कुत्र्यास, मग तें कितीही उशिरां येवो, कधींही मारूं नये.