कमावत्या मुलाकडून आईबापांनी काय मागावे?

घरगुती सभेसाठी पाठ
वाचावयाचे भाग : मार्क १:१६-२०, मार्क ७:९-१३, मत्तय २०:२०-२३

पावसाळ्यात शनिवारी व रविवारी भुशीच्या धरणाकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. त्या रस्त्याच्या कडेला कणसे भाजणारा, भजी तळणारा किंवा चहा विकणारा मनुष्य त्या दोन दिवसांत जे मिळवितो त्यावर त्याच्या घराचा पुढला आठवडा चालतो. आणि पाऊस सरला की ती मिळकतही सरते. अशा मनुष्यास विचारा की, तुमच्या मुलाने काय व्हावे? बहुधा उत्तर येईल, "पर्मनंट नोकरी लागावी, एवढेच." ह्या उत्तरास कोणी हसू नये. ज्याची मिळकत आभाळाकडे पाहून ठरते, त्याला महिन्याच्या ठरल्या तारखेस हाती येणारा पगार केवढा मोठा वाटत असेल, हे पगारदारास सहज कळावयाचे नाही.

असे मागणे ह्या परिसरात जुनेच आहे. भोर घाटातील आगगाडीचा मार्ग १८६३ साली खुला झाला. भुशीचे धरण आज सहलीचे ठिकाण झाले आहे. परंतु ते मुळात बांधले गेले आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांस पाणी मिळावे म्हणून. घाट चढावयाचा तर इंजिनास पाणी हवे, कोळसा हवा आणि कोळसा ओढणारी माणसेही हवीत. त्या काळच्या बापाची इच्छा होती की, मुलगा रेल्वेत चिकटावा. पुढे १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजगृह चालू झाले; १९३० च्या सुमारास घाटातून विजेची इंजिने धावू लागली; १९४५ साली आरमाराची 'शिवाजी' ही शिक्षणसंस्था लोणावळ्यास उभी राहिली. प्रत्येक वेळी आईबापांची दृष्टी नव्या फाटकाकडे वळली, आणि ते योग्यच होते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याची नोकरी एके काळी पक्की समजली जात असे. आज ती नोकरीही नाही आणि ते इंजिनही नाही. बाप ज्या कामास पक्के म्हणतो, ते बहुधा त्याच्या स्वतःच्या तारुण्यातील पक्के काम असते. मुलाला जगावयाचे असते पुढल्या चाळीस वर्षांत.

आता आपला मुख्य प्रश्न घेऊ. "मुलाने आम्हांला सांभाळावे आणि आमचे नाव काढावे," असे आपण एका दमात म्हणतो. परंतु ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सांभाळणे हे मुलावरील ऋण आहे. नाव काढणे ही आईबापांची इच्छा आहे. ऋण फेडलेच पाहिजे. इच्छा पुरी झाली तर आनंद, न झाली तर दुःख, पण तिच्यासाठी वसुली करता येत नाही. घरोघरी जी भांडणे होतात त्यांत आईबाप इच्छेची वसुली करू पाहतात, आणि मुलगा त्या वसुलीला कंटाळून ऋणही नाकारतो. दोघेही आपापल्या बाजूने खरे बोलतात, म्हणूनच ते भांडण मिटत नाही.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गोपाळ गणेश आगरकर यांचे आहे. त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले, वार लावून जेवले. पुण्यास डेक्कन कॉलेजात असताना अंगात घालावयास एकच सदरा होता. तो रात्री धुवून वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात घालावा, असे त्यांच्याविषयी सांगतात. अशा मुलाच्या आईने काय आशा केली असेल हे सांगावयास नको. त्या काळी एम. ए. झालेल्या मनुष्यास सरकारी खात्यात मोठ्या पगाराची जागा मिळणे कठीण नव्हते. परीक्षा पास झाली की घराचे दारिद्र्य फिटले, असे त्या माउलीस वाटले असेल तर नवल काय?

एम. ए. चा अभ्यास चालू असतानाच आगरकरांनी आईस एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, तेव्हा आता त्याला मोठा पगार मिळेल आणि आपले पांग फिटतील असे तू मनात म्हणत असशील. पण मी तुला आधीच सांगून ठेवतो की, मी संपत्तीची हाव धरणार नाही, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी देणार आहे. पुढे त्यांनी तसेच केले. १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कुलात ते शिक्षक झाले, 'केसरी'चे संपादक झाले, १८८८ साली 'सुधारक' काढले, फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, आणि १८९५ साली वयाची चाळिशीही न गाठता वारले.

ह्या पत्राची थोरवी सांगताना आपण त्यागाविषयी पुष्कळ बोलतो. मला त्यात दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ती अशी की, त्यांनी हे आधी सांगितले. परीक्षा झाली, जागा चालून आली, घरी पेढे वाटले गेले, आणि मग मुलाने पाठ फिरविली, असे झाले नाही. आईची आशा पुरी वाढण्यापूर्वीच त्यांनी तिला खरे काय ते कळविले. आपल्यातील किती तरुण असे करतात? पुष्कळ जण "बघू, प्रयत्न चालू आहे" म्हणत चार वर्षे काढतात. आई शेजारणींस सांगत राहते की, मुलगा भरतीची तयारी करीत आहे. मुलाने तर केव्हाच मनात ते सोडून दिलेले असते. बापाचा खरा राग ह्या लपवाछपवीवर असतो, पण बोलताना तो नोकरीवर निघतो.

परंतु आगरकरांच्या उदाहरणाची दुसरी बाजूही पाठ घेणाऱ्याने झाकून ठेवू नये. ते वारले तेव्हा त्यांच्या उशाशी एका पुडीत स्वतःच्या अंत्यविधीपुरते थोडे रुपये बाजूला ठेवलेले सापडले, असे सांगतात. ही गोष्ट ऐकून आपले डोळे भरून येतात. पण पत्नी यशोदाबाई व मुले मागे राहिली, त्यांचे पुढले दिवस त्या पुडीने कसे निघणार होते? आपल्या इच्छेने गरिबी पत्करणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही ती पत्करावी लागते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. मी आगरकरांस दोष देत नाही. तेवढी माझी योग्यता नाही. परंतु "मला पैशाची हाव नाही" असे म्हणणाऱ्या तरुणाने ताट कोण वाढणार हे आधी सांगावे, असे मला वाटते.

ह्याच्या जोडीला गोपाळ कृष्ण गोखले यांचे घर पाहावे. त्यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव त्या वेळी तरुणच होते. त्यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतील आठ रुपये ते गोपाळरावांस शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सातांत घर चाले. म्हणजे ह्या घरात बापाच्या जागी भाऊ होता आणि त्याने आपले पुस्तक मिटून धाकट्याचे उघडे ठेवले होते. अशा भावास आशा धरण्याचा अधिकार नाही असे कोण म्हणेल? १८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले, आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे व्रत त्यांनी घेतले. बाहेर ह्याहून अधिक मिळविता आले असते. तथापि पंधरा रुपयांच्या घरास पंचाहत्तर ही थोडी रक्कम नव्हती. गोपाळरावांनी मोठी कमाई सोडली, परंतु नेमाने घरी येणारा पैसा सोडला नाही. आपल्या खेड्यांतील बहुतेक घरांस आगरकरांपेक्षा गोखल्यांचा मार्ग अधिक जवळचा आहे असे मी समजतो.

शास्त्रभागाकडे वळू. याकोब व योहान आपल्या बापास, जब्दीस, तारवात सोडून येशूमागे गेले हे सर्वांस ठाऊक आहे. पण मार्क तेथे एक लहानशी गोष्ट नोंदवितो, ती वाचताना निसटून जाते : जब्दीजवळ मोलकरी होते. म्हातारा एकटा जाळी ओढीत राहिला नाही. त्याचे काम चालू राहिले. पुढे ह्याच मुलांची आई येशूकडे येऊन आपल्या मुलांसाठी उजव्या व डाव्या हाताच्या जागा मागते. मुलांनी वाट बदलली तरी आईची महत्त्वाकांक्षा बदलली नव्हती. तिने फक्त कचेरी बदलली! येशू तिच्यावर रागावत नाही, पण जागाही देत नाही. आणि मार्काच्या सातव्या अध्यायात ह्याच्या उलट बाजू आहे. आईबापांस द्यावयाचे ते देवाला अर्पण केले असे सांगून जो मुलगा हात झटकतो, त्याची येशू कडक शब्दांत हजेरी घेतो. हे तिन्ही भाग एकत्र वाचावेत. एकटा पहिला भाग घेऊन तरुणांस, किंवा एकटा तिसरा घेऊन म्हाताऱ्यांस खूष करणे सोपे आहे. उपदेशकाने तसे करू नये.

सरकारी कायदाही ह्या बाबतीत साधारण हाच भेद करतो. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. ज्या आईबापांस आपल्या मिळकतीतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करता येत नाही, त्यांस सज्ञान मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांतसाहेबांकडे, अर्ज करावयाचा असतो. हे बंधन मुलावर आहे तसेच मुलीवरही आहे. मूळ कायद्याप्रमाणे ह्या खर्चाची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये आहे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी ह्यांचा त्यात विचार होतो. मुलाने पोलीस व्हावे की गवंडी, ह्याविषयी त्या कायद्यात एक अक्षरही नाही.

त्याच कायद्यातील दुसरी एक गोष्ट मावळातील घरांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण येथे जमिनीचा भाव चढला आहे आणि पुष्कळ घरांत गुंठे विकून मुलांचे शिक्षण झाले आहे. म्हाताऱ्या माणसाने "मला सांभाळावे" अशा अटीवर जमीन किंवा घर मुलाच्या नावे करून दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते देणे रद्द ठरविण्याची मागणी करता येते. मात्र ती अट कागदात स्पष्ट लिहून ठेवावी. "आपलाच मुलगा आहे, कशाला लिहावयाचे?" असे म्हणून कित्येक जण अंगठा उठवितात. शिक्षणासाठी विकलेल्या गुंठ्यांचेही तसेच आहे. ते देताना देणगी म्हणून दिले की उसने म्हणून, हे त्याच दिवशी बोलून ठेवावे. देणगी म्हणून दिले असेल तर वीस वर्षे रोज तिची आठवण करून देऊ नये. उसने दिले असेल तर मुलास ते तेव्हाच कळले पाहिजे, म्हणजे त्याला आपला धंदा निवडताना ते ओझे मोजता येईल.

समजा, एका घरातील मुलगा आय. टी. आय. होऊन तळेगावच्या कारखान्यात कंत्राटावर लागला आहे. बापास वाटते, त्याने सरकारी भरतीसाठी थांबावे. दुसऱ्या घरातील मुलगा म्हणतो, मी नोकरी करीत नाही, घरचे इंद्रायणी भाताचे शेत नीट करतो. बाप म्हणतो, शेतात मी मेलो तेवढे पुरे. ह्या दोन्ही घरांत आधी एक प्रश्न विचारावा : आईबापांस महिन्यास खरोखर किती लागते? दळण, औषध, विजेचे बिल, कर्जाचा हप्ता, धरून एक आकडा काढावा. बहुतेक घरांत हा आकडा कोणी कधी काढलेलाच नसतो, आणि म्हणून "तू काहीच देत नाहीस" व "मी सगळे देतो" ही दोन्ही वाक्ये एकाच घरात रोज ऐकू येतात. आकडा निघाला म्हणजे मुलाने त्यातील आपला वाटा व तारीख सांगावी. तेवढे ठरल्यावर तो कंत्राटाच्या कामावर राहतो की चिखलात उतरतो, हे ठरविणे त्याच्याकडे सोपवावे. बापाने सल्ला जरूर द्यावा, एकदा द्यावा.

उपदेशकांच्या घरांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. ज्यांनी स्वतः थोड्या वेतनावर आयुष्य काढले, त्यांपैकी काहींस वाटते की, मुलानेही हीच सेवा करावी. आणि काहींस वाटते की, आपण सोसले ते पुरे, मुलाने आता पैसा मिळवावा. दोन्ही इच्छा प्रेमातूनच येतात. तरी मुलगा बापाच्या त्यागाची भरपाई करण्यासाठी जन्मलेला नसतो, आणि त्या त्यागाची पुनरावृत्ती करण्यासाठीही नाही.

सभेत हा पाठ घेताना घरांची नावे काढू नयेत. आईबाप व मुले एकाच चटईवर बसलेली असतील, तेव्हा आधी म्हाताऱ्यांस बोलू द्यावे. त्यांना मध्येच अडवू नये. शेवटी एक प्रश्न अवश्य चर्चेस घ्यावा, कारण त्याचे उत्तर मलाही पुरते सापडलेले नाही. मुलगी नर्सिंग शिकून दवाखान्यात लागते, घरी पैसे देते, आणि लग्न होताच "आता ती परक्या घरची" म्हणून आईबाप तिच्याकडून काही घेण्यास लाजतात. किंवा उलट, तिचा पगार बंद होईल ह्या भीतीने स्थळे परतवीत राहतात. कायदा मुलीस मुलाबरोबर धरतो. तिच्या सासरच्या घरात ती आपल्या आईबापांचा वाटा कोणत्या तोंडाने व कोणापुढे मांडील? ह्यावर सभेतील सासवांनी आधी बोलावे.