बेंबळ्यावरील रानबदके

हिवाळा लागताच यवतमाळ जिल्ह्यातील बेंबळा जलाशयावर रानबदके उतरतात. मुले काठाकडे धावू लागली, की गुरुजी त्यांना दुरूनच थांबवितात. थवा उडाल्यावर ओळख पटणार कशी? आणि हिमालय ओलांडून आलेल्या पाखरांना विसावा तरी कोठे मिळणार? संस्कृत कवींचा लाडका चक्रवाक नारिंगी अंगावरून सहज ओळखू येतो. इतरांची मात्र चोच पाहावी. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यात फिरवीत अन्न गाळून घेणारा, तो थापट्या. काळ्या चोचीचे टोक पिवळे व मुळाशी दोन तांबडे ठिपके, ते हळदी-कुंकू बदक. किती समर्पक नाव! हे बदक मात्र पाहुणे नव्हे. ते बारमाही येथेच राहते आणि काठच्या गवतात घरटे करते.