आकाशातला चित्रपट आणि जमिनीवरचे गुण



सुट्ट्या संपून शाळा उघडली की वर्गावर्गांतून प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी त्या पुणे, नाशिक, ग्वाल्हेर किंवा बडोद्यापर्यंत जात. आता आपल्या इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांतला कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. आजी-आजोबा सहा-सहा महिने तिकडे राहून येतात, नातवंडेही जाऊन येतात. परत आल्यावर एक वाक्य हमखास कानी पडते, "विमानात पाच पिक्चर पाहिले!" कसे होते असे विचारले, तर उत्तर दोनच, "एकदम मस्त" नाही तर "एकदम बेकार".

या दोन उत्तरांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे. ती कशी भरावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे. गुण देणे हे आम्हां शिक्षकांचे रोजचे काम. दुसऱ्याच्या मेहनतीला गुण देणे किती जोखमीचे असते, हे तुम्हांलाही आतापासून कळावे अशी आमची इच्छा आहे.

थोडा इतिहास

विमानात चित्रपट दाखवण्याचा पहिला ज्ञात प्रयोग १९२१ साली अमेरिकेत शिकागो शहरावर उडणाऱ्या एका विमानात झाला. १९२५ साली लंडनहून निघालेल्या इम्पीरियल एअरवेजच्या विमानात 'द लॉस्ट वर्ल्ड' हा चित्रपट दाखवला गेला. तो मूकपट होता, आणि ते सोयीचेच होते, कारण त्या काळच्या विमानाच्या आवाजात संवाद ऐकू येणे कठीणच होते.

नियमित चित्रपट सुरू झाले ते १९६१ साली, टीडब्ल्यूए कंपनीच्या न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस या मार्गावर. तेव्हा खरोखरीच रिळे लावून, पुढच्या पडद्यावर, सर्वांसाठी एकच चित्रपट असे. आवडो न आवडो, तोच पाहायचा. १९८८ साली नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या काही विमानांत आसनाच्या पाठीवर छोटे पडदे बसवले गेले. त्यांचा आकार तीन इंचांहूनही कमी होता, पण प्रवाशाला निवड मिळाली. निवड आली की तुलना येते, आणि तुलनेपाठोपाठ गुण देणे आलेच.

परीक्षा-भवन कसे आहे?

आम्ही परीक्षेपूर्वी वर्गात उजेड, पंखा, बाके पाहून घेतो. खोली गैरसोयीची असेल तर दोष विद्यार्थ्याचा नसतो. विमानातील चित्रपटाचे तसेच आहे. तेथील परिस्थिती पाहा.

पहिली गोष्ट, हवा. विमान ३५ हजार फुटांवर असले तरी आतील हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. ८ हजार फूट म्हणजे शिमल्यापेक्षाही थोडे वर. हवा अतिशय कोरडी असते. डोळे चुरचुरतात, थकवा लवकर येतो.

दुसरी गोष्ट, आवाज. उडत्या विमानात सुमारे ८० ते ८५ डेसिबल इतका गोंगाट सतत असतो. आपले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे कुजबूज, पावसाची रिमझिम, दूरवरून येणारी हाक, हे सारे त्यात बुडून जाते. १९७८ साली युरोपातून बॉस्टनला परतताना प्राध्यापक अमर बोस यांनी विमानातले हेडफोन कानाला लावले आणि त्यांची निराशा झाली. ते तक्रार करून थांबले नाहीत. बाहेरचा आवाज विरुद्ध ध्वनिलहरीने कसा रद्द करता येईल, याचे गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडायला घेतले. त्यातूनच पुढे गोंगाट कमी करणारे हेडफोन तयार झाले. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक होते, हेही लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, पडदा. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा मराठी चित्रपट घ्या. त्यात कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो. चौकटीच्या एखाद्या कोपऱ्यातही काही घडत असते. वीतभर पडद्यावर तो कोपरा दिसतच नाही. मग आपण म्हणतो, "काहीच होत नाही यात."

उत्तरपत्रिकेची पाने पूर्ण आहेत का?

विमान कंपन्यांसाठी पुष्कळदा चित्रपटाची वेगळी, काटछाट केलेली प्रत तयार होते. 'रेन मॅन' (१९८८) या चित्रपटात डस्टिन हॉफमन यांचे पात्र निरनिराळ्या कंपन्यांचे अपघात मोजून दाखवते आणि विमानात बसायला नकार देते. म्हणून दोघे भाऊ मोटारीने निघतात आणि त्या प्रवासातच सारी कथा घडते. अनेक विमान कंपन्यांनी नेमका हाच प्रसंग कापला. आता ज्याने ती प्रत पाहिली, त्याला वाटणार की हे दोघे उगाच मोटारीने का चालले? तो कथेचे गुण कापणार. चूक कात्रीची आणि शिक्षा लेखकाला!

'द क्वीन' (२००६) या चित्रपटाची तर गंमतच झाली. अपशब्द काढण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्याने सापडेल तेथे 'गॉड' हा शब्दच पुसून टाकला. २००७ साली काही विमानांत तशीच प्रत दाखवली गेली. भाषांतर आणि डबिंग यांतही असेच होते. आमचे घर मराठी आणि पदवी हिंदी माध्यमाची. त्यामुळे एकच वाक्य भाषा बदलली की कसे हलके किंवा जड होते, हे आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत.

मन काय करते?

विमानात चित्रपट पाहताना रडू लवकर येते, असे पुष्कळ लोक सांगतात. पॉल विक्स आणि ली लँकेशायर या दोघांनी एक हजाराहून अधिक अमेरिकी प्रेक्षकांना विचारून २०१८ साली निष्कर्ष मांडला. त्यांना विमानात रडू अधिक येते असे आढळले नाही. रडू येणे हे चित्रपटाच्या प्रकारावर अधिक अवलंबून दिसले. धडा असा की, सगळे म्हणतात तेवढ्याने गोष्ट सिद्ध होत नाही. मोजून पाहावे लागते.

डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून असे दिसले की एखाद्या अनुभवाचा सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट, हे दोनच आपल्या आठवणीवर जास्त ठसा उमटवतात. विमान उतरू लागले आणि चित्रपट वीस मिनिटे बाकी असतानाच पडदा बंद झाला, तर तुम्ही कोणत्या शेवटाला गुण देणार?

गुण कसे द्यावेत?

आता मुख्य पाठ. कथा, अभिनय, दृश्य आणि ध्वनी असे चार भाग करा. प्रत्येकाला ५ पैकी गुण द्या. जो भाग नीट पारखता आला नाही, तेथे शून्य लिहू नका, जागा कोरी सोडा.

समजा, कथेला ४, अभिनयाला ५, दृश्याला ३ दिले. ध्वनी गोंगाटामुळे समजलाच नाही. कोरा सोडला तर १५ पैकी १२, म्हणजे ८० टक्के. शून्य धरला तर २० पैकी १२, म्हणजे ६० टक्के. चित्रपट तोच, प्रेक्षक तोच, फरक २० टक्क्यांचा. आमच्या हजेरीपटात 'गैरहजर' आणि 'शून्य' हे दोन वेगळे शेरे असतात, त्याचे कारण हेच. परीक्षेला न बसलेला मुलगा नापास झालेला नसतो.

सरासरीपासूनही सावध राहा. आठ मुलांनी एका चित्रपटाला प्रत्येकी ४ गुण दिले, सरासरी ४. दुसऱ्याला चौघांनी ५ आणि चौघांनी ३ दिले, सरासरी पुन्हा ४. पहिला सर्वांना बरा वाटला, दुसऱ्यावर वाद झाला. आकडा एकच, पण गोष्टी दोन. म्हणून आकड्याखाली दोन ओळी अवश्य लिहाव्यात.

आणि पाच पिक्चरचा हिशेब? १६ तासांचा प्रवास म्हणजे ९६० मिनिटे. झोपेचे ३६० आणि दोन जेवणांचे १२० वजा करा. राहिली ४८०. अडीच तासांचे तीन हिंदी चित्रपट ४५० मिनिटे घेतात. पाच पाहिले असतील, तर झोप तरी गेली किंवा चित्रपट तरी अर्धवट राहिले. जागरणानंतर पाहिलेल्या पाचव्या चित्रपटाला पहिल्याच्या मापाने मोजणे योग्य नव्हे. आम्ही उत्तरपत्रिका तपासताना शेवटच्या गठ्ठ्यातल्या काही दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतो, ते त्यासाठीच.

एक विनंती

आजी-आजोबा एकटे प्रवास करणार असतील, तर त्यांना पडदा कसा चालवायचा, भाषा कोठे बदलायची, हे आधी घरी शांतपणे शिकवा. यादीत मराठी चित्रपट असेलच असे नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये एखादा भरून द्या. 'श्वास' (२००४) हा आजोबा आणि नातवाचा चित्रपट आहे. तो परतल्यावर घरी सर्वांनी मिळून पुन्हा पाहा, आणि दोन्ही वेळी आजोबांनी किती गुण दिले ते लिहून ठेवा.

आपल्या शाळेतील बहुतेक मुलांनी विमान आतून पाहिलेले नाही. त्याने काही अडत नाही. अवंतिका एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर मोबाइलवर पाहिलेला चित्रपट हीच परीक्षा घेतो.

स्वाध्याय

१. प्रवासात पाहिलेला एक चित्रपट घरी पुन्हा पाहा. चारही भागांचे दोन्ही वेळचे गुण लिहा.

२. जेथे गुण बदलले, तेथे चित्रपट बदलला की परिस्थिती, ते दोन वाक्यांत सांगा.

३. कोरी सोडलेली जागा कोणती आणि का, ते लिहा.

४. घरातील वडीलधाऱ्यांचे गुण विचारा. तुमच्यापेक्षा वेगळे असतील तर वाद घालू नका, कारण विचारा.

वही आपल्या मराठीच्या बाईंकडे द्यावी. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू. त्यांना मात्र आम्ही गुण देणार नाही, फक्त दोन ओळींचा अभिप्राय देऊ.