जुनी वेबसाइट साधी करताय? खिशाला लागणाऱ्या चिमट्यांचा हिशेब

पडेगावातून शहरात कुणाच्या ऑफिसला चकरा मारायची गरज नाही. लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि दोन-तीन मोकळे रविवार, एवढ्यात वैयक्तिक वेबसाइटचं काम घरूनच होतं.

पैसे काढण्याआधी एकच तपासा: डोमेन कुणाच्या नावावर आहे? वेबसाइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असणं फार सर्रास आहे. तसं असेल तर डिझाइनचं नंतर बघू. आधी त्याच्याकडून ट्रान्सफर कोड मागा आणि डोमेन तुमच्या खात्यात आणा. डॉट कॉम नुकतंच घेतलेलं असेल तर पहिले ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलत नाही. ओळख पडताळणी मागितली गेली तर अडायला नको, म्हणून खात्यावरचं नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहा.

डॉट इन किंवा डॉट कॉमला वर्षाला ढोबळमानाने ६०० ते १,५०० रुपये धरा, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीतला ९९ रुपयांचा दर पहिल्या वर्षापुरता असतो. दुसऱ्या वर्षाचा दर विचारा, तोच खरा. मुदत संपल्यावर डोमेन सोडवायचा दंड नूतनीकरणाच्या कितीतरी पट असतो.

होस्टिंगला पैसे द्यायलाच हवेत असं नाही. ओळख, कामाचे नमुने, संपर्क एवढंच असेल तर गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर शून्य रुपयांत भागतं. गिटहबची मर्यादा १ जीबी आहे, साध्या साइटला ती संपता संपत नाही. गिटहबच्या दोन अटी मात्र लक्षात ठेवा. तिथे ऑनलाइन दुकान चालवता येत नाही. आणि मोफत योजनेत तुमच्या फाइल्स कुणालाही दिसतात, म्हणून घरचा पत्ता असलेला बायोडेटा किंवा आधारची प्रत चुकूनही चढवू नका.

बाहेरून काम करून घेणार असाल तर चार-पाच पानांसाठी ५ ते १५ हजारांच्या आसपास कोटेशन येईल. ते ओळीओळीने वाचा. ‘एसएसएल’चे वेगळे पैसे लावलेत? खोडा, लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. वर्डप्रेस फुकट आहे, पण त्यावरची सशुल्क थीम आणि प्लगइन दरवर्षी बहुधा डॉलरमध्ये पैसे मागतात आणि कार्डावर परकीय चलनाचं शुल्क चढतं. वार्षिक देखभालीत नेमकं काय करणार ते लिहून घ्या. तीन साध्या पानांना देखभाल कसली? समोरच्याकडे जीएसटी क्रमांक नसेल तर त्याला बिलात जीएसटी लावता येत नाही.

आता कात्री. सरकते फोटो, भेटींचा आकडा, पॉपअप, आपोआप वाजणारी सनई, सगळं काढा. फोटो २०० केबीच्या आत आणा. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदला. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. फॉन्टही विकत घेऊ नका: मुक्ता, नोटो सान्स देवनागरी मोफत आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवा, नाहीतर अंधांसाठीचं वाचक सॉफ्टवेअर भलत्याच उच्चारात वाचतं. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ : १ हवा, फिकट राखाडी अक्षरं मोबाइलवर उन्हात दिसत नाहीत.

शेवटचा हप्ता देण्याआधी डब्ल्यूथ्रीसीच्या मोफत व्हॅलिडेटरमध्ये प्रत्येक पान टाका. लाल चुका निघाल्या तर दुरुस्त करूनच पैसे सोडा. पत्त्यात अजून शहराचं ‘औरंगाबाद’ हे जुनं नाव असेल तर याच फेरीत बदलून घ्या, नंतर त्यासाठी वेगळं बिल येईल. जुन्या पानांचे पत्ते बदलले असतील तर ३०१ रीडायरेक्ट लावून घ्या, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरच्या जुन्या लिंक मरणार नाहीत. सगळ्या फाइल्सची एक झिप आणि सगळे पासवर्ड त्याच दिवशी ताब्यात घ्या.