मनोरंजन उद्यान व्यवस्थापनाचे शिक्षण : नाशिकहून ऑर्लँडोला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

विषयाचे स्वरूप

मनोरंजन उद्यानांचे व्यवस्थापन ही आतिथ्य व्यवस्थापनाची एक शाखा असून तिचा गाभा करमणूक नव्हे, तर गर्दी, सुरक्षितता आणि देखभाल हा आहे. ही गोष्ट विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनीही निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावी, असा फ्लोरिडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा पहिला सल्ला असतो. एखादी राइड तासाभरात जितक्या पाहुण्यांना सामावून घेते, त्या संख्येला ताशी क्षमता म्हणतात. २४ आसनांची गाडी दर मिनिटाला सुटली, तर ही क्षमता १,४४० होते. परंतु पट्टे तपासताना प्रत्येक फेरीमागे अर्धा मिनिट जादा गेला, तर ती ९६० वर येते आणि रांग लांबत जाते. तपासणीत कसूर न करता हा अर्धा मिनिट वाचवणे हे व्यवस्थापकाचे काम असून, दुरुस्तीच्या वेळी वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप आणि सूचनापाटी लावण्यासारख्या शिस्तीही त्याला अंगी बाणवाव्या लागतात.

नाशिकमधील पूर्वतयारी

परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढण्याआधी या कामाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा आणि त्याची सोय नाशिकच्या परिसरातच आहे. सुमारे ९० किलोमीटरवरील शिर्डीत वेट अँड जॉय हे जलउद्यान आणि साईतीर्थ हे भक्तिपर संकल्पना-उद्यान आहे. ही दोन्ही उद्याने संगमनेरच्या मालपाणी समूहाची असून, खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका हे उद्यानही २०२२ मध्ये याच समूहाकडे आले. सुट्टीच्या हंगामात तिकीटखिडकी, रांग किंवा जलसुरक्षा यांपैकी कोणत्याही विभागात काम केलेल्या विद्यार्थ्याला आपला कल लवकर उमगतो. शिवाय, २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झालेल्या नाशिक शहराला गर्दीच्या नियोजनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून केलेले काम प्रवेश अर्जातही आवर्जून नोंदवण्याजोगे ठरेल.

संस्थेची निवड

ऑर्लँडोत वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये, युनिव्हर्सल स्टुडिओज १९९० मध्ये आणि एपिक युनिव्हर्स मे २०२५ मध्ये सुरू झाले. या उद्योगाची जागतिक संघटना आयएएपीए हिचे मुख्यालयही तेथेच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाच्या रोझेन महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो, मात्र हे महाविद्यालय विद्यापीठाच्या मुख्य परिसरापासून बरेच दूर, उद्यानांच्या पट्ट्यात असल्याने घर भाड्याने घेताना विद्यापीठाचे नाव पाहून नव्हे, तर महाविद्यालयाचा पत्ता पाहून निर्णय घ्यावा. युरोपाकडे ओढा असलेल्यांसाठी नेदरलँड्समधील ब्रेडा येथे असे शिक्षण मिळते आणि १९५२ मध्ये उघडलेले एफ्टेलिंग उद्यान तेथून जवळ आहे.

व्हिसा आणि काम

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही महाविद्यालयाच्या आवारातच काम करता येते. उद्यानातील प्रशिक्षणासाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाची परवानगी लागते आणि ती साधारणतः एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. पदवीनंतरची ओपीटी ही कामाची मुभा १२ महिन्यांची असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ आतिथ्य व्यवस्थापनाच्या बहुतेक पदव्यांना लागू होत नाही, म्हणून ओळखीतल्या संगणक अभियंत्याच्या अनुभवावरून आपले आर्थिक गणित मांडू नये. नियम बदलत असल्याने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा सल्ला अंतिम मानावा आणि परवानगीविना रोखीने मिळणारे कोणतेही काम कटाक्षाने टाळावे.

राहणीमान

मुंबईहून ऑर्लँडोला थेट विमान नाही. शहरात लिंक्स बससेवा आहे, पण रात्री उशिरा संपणाऱ्या पाळ्यांमुळे वाहन चालवण्याचा परवाना लवकर काढावा. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो आणि वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. सणवार आणि शनिवार-रविवार हेच या व्यवसायाचे ऐन कामाचे दिवस असल्याने दिवाळीला सुट्टी मिळेलच, असे घरच्यांनी गृहीत धरू नये. अडीअडचणीच्या वेळी मराठी मंडळांचा आधार मिळतो. १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ ही उत्तर अमेरिकेतील अशा मंडळांची शिखर संस्था आहे.

निष्कर्ष

कर्जाची फेड केवळ अमेरिकेतील नोकरीवर अवलंबून ठेवणे या क्षेत्रात धोक्याचे आहे. अबुधाबीतील यास बेट, सिंगापूर आणि महाराष्ट्रातील वाढती उद्याने या तिन्ही ठिकाणच्या वाटा खुल्या राहतील, अशा बेताने जो विद्यार्थी निघेल, त्यानेच हा खर्च करावा. इतरांनी आधी शिर्डीत किंवा खोपोलीत एक हंगाम काम करून मगच निर्णय घ्यावा.