तह करणे व तह पाळणे
(पाठ: यहोशवा, अध्याय 9, 2 शमुवेल, अध्याय 21)

यहोशवाने गिबोनकरांशी शपथपूर्वक तह केला. पुष्कळ वर्षांनी शौल राजाने तो मोडला आणि त्याबद्दल दाविदाच्या कारकिर्दीत देशावर तीन वर्षे दुष्काळ पडला. हा पाठ समजण्यास आपल्या प्रांतातील एक हकीकत उपयोगी पडेल.

1818 साली खानदेश कंपनी सरकारकडे आला. तेथील भिल्ल नाईक डोंगरातील घाट राखीत व त्याबद्दल त्यांस हक्क मिळत. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत हे हक्क बुडाले होते. सरकारने प्रथम फौज धाडिली. शिपाई तापाने पडत आणि भिल्ल रानात नाहीसे होत. तेव्हा 1825 साली गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांनी दुसरा मार्ग धरिला. औट्राम साहेबांनी भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. ओव्हन्स साहेबांनी बैल व नांगर ह्यांसाठी तगाई देऊन लोकांस जमिनीवर बसविले. नाव पलटणीचे झाले, परंतु आमच्या मते मोठे काम नांगराचे.

तथापि ह्या सलोख्यात अटी सरकारच ठरवी. आपल्या पुणे जिल्ह्यात उमाजी नाईकांच्या रामोश्यांस 1828च्या सुमारास माफी, चाकरी व जमिनी मिळाल्या. तरी तेढ मिटली नाही, आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी उमाजींस पुण्यात फाशी दिले. सेंधवा घाटाची राखण करणारे खाज्या नाईक 1857 साली सरकारविरुद्ध उठले. पुढे 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याने जातीवरूनच माणूस चोर ठरू लागला. फासेपारध्यांसारख्या लोकांची पोलिसांपुढे हजेरी सुरू झाली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. निरवांगीकर वाचकहो, नीरेकाठी पारध्यांची पाले पडली म्हणजे आपण काय बोलतो, हे आपले आपणांस ठाऊक आहे.

2006च्या वनहक्क कायद्याच्या आरंभी, वनांत राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला असे सरकारने स्वतः लिहिले आहे. 2009 साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुष्कळ गावांचे दावे मात्र कचेऱ्यांत रखडले.

दाविदाने गिबोनकरांसच बोलावून विचारले की तुमचे समाधान कशाने होईल. शिक्षकांनी वर्गास पुसावे: 1825, 1871 व 2006 ह्यांपैकी कोणत्या वेळी त्या लोकांस असे विचारले गेले, आणि ते कशावरून?